फुटके कवेलू

वानरांनी यंदा माझंच घर धरलं.
चिंचेवरून उडी, ती थेट आड्यावर,
मग खडखडखड वळचणीपर्यंत
जशी काही पोरं सुटली शाळेतून.

मे महिन्यात भर दुपारी
मी खाटेवर उताणी पडून कवडसे मोजले.
एकोणीस.
एक माठावर, दोन शिलाई मशीनवर,
एक देवाच्या नेमका कपाळावर.

मोरेश्वर आला, डोक्याला दुपट्टा, दातात काडी.
सगळं गाव पत्र्याखाली गेलं,
कवेलू फेरणारा तेवढा तो उरला.
वर न चढताच म्हणाला,
"तीनशे लागते, काकू. जास्तच लागन, कमी नाही."

दोन दिवस तो माझ्या डोक्यावर चालत होता.
वरून त्याला अख्खं गाव दिसायचं,
कोणाच्या सांदीत नवी मोटरसायकल,
कोण अजून मोरीवर गोणपाट लावतं.
खाली मी मशीन चादरीनं झाकून बसलेली.
वरून माती पडली, चिमण्यांच्या काड्या पडल्या,
एक विंचू पडला, वाळून कागद झालेला.

"मजुरी चौदाशे, कवेलूचे चोवीसशे.
झाले अडतीसशे. तुम्ही घरच्याच,
शंभर कमी द्या."
मी मागायच्या आतच त्यानं कमी केले,
तिथंच मला शंका आली.
म्हटलं, उद्या ये.

त्या रात्री टॉर्च दातात धरून
मी परसातल्या फुटक्यांच्या ढिगाशी बसले.
कवेलूला एका टोकाला रुंद तोंड असतं,
दुसरं टोक निमुळतं.
तुकडे कितीही होवोत, मी रुंद तोंडं तेवढी जुळवली,
भिंतीला टेकवून ओळीनं उभी केली.
एकशे सत्तावीस.
दोनदा मोजली. डास चावत होते.

सकाळी तो आला, ओळीपुढे उकिडवा बसला.
रागावला नाही. नाहीही म्हणाला नाही.
"मोजले?"
"मोजले."
"कुंभाराची भट्टी बंद होऊन बारा वर्सं झाले, काकू.
पडल्या घरावरचे वेचून आनतो मी, सायकलवर.
चाळीस बांधले का तीस पोचते."
"मग वाटेत फुटलेलेबी माझ्याच घरावर चढवतं का रे?"

तो हसला. काडी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.
"आन आमच्या पंचफुलाच्या ब्लाऊजाची कातरन?
हिरवं कापड, अख्खा मीटर देल्ला होता.
ते कोनी मोजलं?"

उत्तर होतं माझ्याकडे.
अस्तर, दोरा, हुक, डोळे.
पण जीभ टाळूला चिकटली,
आणि तो तर माझ्या घरात पाहतच नव्हता,
पायाच्या अंगठ्यानं एक तुकडा सरळ करत होता.

मी अठ्ठावीसशे दिले.
तो म्हणाला, तीन करा.
मी पदराची गाठ सोडून आणखी शंभर काढले.
नोटा खिशात, शिडी खांद्यावर.
फाटकाशी वळून म्हणाला,
"वानरं येतेच पुन्हा."

दुपारी बाराला आडवी झाले.
माठावर काही नाही. मशीनवर काही नाही.
देव अंधारात, शांत.
खाटेवर मात्र एक कवडसा,
ब्लाऊजाच्या बटणाएवढा.
जुन्या एकोणिसांतला नाही,
ते सगळे मला जागेसकट पाठ होते.

माझी वाकळ वीस वर्षांच्या कातरणांची आहे.
बारा वाजता तो पोलीसपाटलिणीच्या लाल खणावर असतो,
मग कोणाच्या तरी हळदीच्या पिवळ्यावर,
मग एका पोरीच्या शाळेच्या निळ्यावर.
साडेबाराला हिरव्यावर येतो
आणि बराच वेळ हलत नाही.

शिडी शेजारी आहे. अजून मागितली नाही.
आड्यावर एक वानर येऊन बसलंय,
शेपूट खाली सोडून.
रोज मी थाळी वाजवते.